फुगलेली कुसवं

ग्रंथालयाच्या टेबलाचा चौथा पाय निम्मा आत गेला आणि तिथेच थांबला. अनसूया पांचाळ यांनी लाकडी हातोड्याचे दोन ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला कोपऱ्यातली मांजर उठून निघून गेली. पाय मात्र पुढे जाईना, मागेही येईना.

"टेबल करतीस का दवंडी देतीस?" माणिकरावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, घरातून विचारलं.

साग तोडायला बंदी येऊन सहा वर्षं झाली होती. शिरढोणी गावात सगळं सुतारकाम आता लोहबाभळीत चालायचं. लोहबाभूळ म्हणजे साधी सुबाभूळच. पण कारखान्यात उकळून, मऊ करून, प्रचंड दाबाखाली पाचव्या हिश्शाला चेपलेली. शिसवीहून जड. खिळा मारला तर खिळाच वाकायचा. म्हणून दोन्ही तुकड्यांत खाच पाडायची आणि त्याच लाकडाची चपटी पट्टी, म्हणजे सुटं कुसू, गोंद लावून मध्ये ठोकायचं.

कोरडं कुसू त्यांनी आधी बसवून पाहिलं होतं. बोटाने दाबलं तरी सुळकन आत जात होतं. खाचेत भुसा नव्हता. साधं लाकूड असतं तर घट्ट कुसवालाही थोडं दबून जागा दिली असती. ही लोहबाभूळ आधीच इतकी चेपलेली, की आणखी काय दबणार?

त्यांनी गोंद लावून ठेवलेलं दुसरं कुसू मोजलं. दहा मिलिमीटरचं साडेदहा झालं होतं.

"ओल प्यालंय मेलं," असं म्हणून त्यांनी ते पुसलं आणि वाळवायला स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं.

थोड्या वेळाने माणिकराव ताट घेऊन तिथे पोहोचले. "अगं, ह्यात लाकूड आहे!"

"तुमची भाजी गॅसवर आहे. त्याला हात लावू नका."

"मी कशाला लावू? माझे चारच दात राहिलेत."

कुसू खडखडीत वाळलं. पुन्हा मोजलं, तर साडेदहाच! अनसूयाबाई खाली बसल्या. चाळीस वर्षांत वाळलेलं लाकूड आटलं नाही असं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी नवं कोरं कुसू पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यात टाकलं. चहाच्या वेळेपर्यंत ते पेल्यात असं फुगून बसलं, की पेला फोडावा लागला.

त्यांनी कारखान्यात फोन केला. दुसऱ्या दिवशी नसरीन इनामदार ही तिथली तरुण इंजिनिअर आली. अडकलेला पाय तिने ओढून पाहिला, काचांतून काढलेलं कुसू मोजलं आणि नाराजीने म्हणाली, "काकू, तुम्ही पाणी कशाला लावलंत?"

"मी गोंद लावला. पाणी गोंदातच असतं, बाई."

"आमच्या चाचणीत गोंद नव्हता."

"मग सांधा कशाने धरला होता?"

नसरीनने कुसू बोटांत फिरवलं. "ओल लागली की हे चेपण्याआधीच्या जाडीकडे परत जातं. एकदा गेलं की वाळवूनही उतरत नाही. वरून लेप देतो आम्ही. पण कुसू कापलं की कापलेली बाजू उघडी पडते."

"आणि खाचेत बसल्यावर फुगलं तर?"

"तर बाहेरचं लाकूड तडकेल."

अनसूयाबाईंना आता टेबलापेक्षा इतर सुतारांच्या कामांची काळजी वाटली. "मग कारखान्याला कळवून टाक. सगळ्यांना सांगा म्हणावं, गोंद लावू नका."

"तेच करते. तसं मोठ्या कामांत गोंद नसतोच," नसरीन सुटल्यासारखी हसली. "आपल्या नव्या पादचारी पुलाचंच बघा ना. बाराशे कुसवं, आणि गोंदाचा थेंब नाही."

बोलता बोलता तिचं हसू थांबलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "पूल नदीवर आहे."

अनसूयाबाईंनी मोजपट्टी उचलली आणि चपला पायात सरकवल्या. नसरीनने स्कूटर सुरू केली. पुलापलीकडची मुलींची शाळा सुटायला वीस मिनिटं होती. पूल बघायला धडधाकट, वर्षभरापूर्वीच बांधलेला. एक सुतारीण आणि एक इंजिनिअर आडव्या उभ्या राहून तो बंद आहे म्हणाल्या, तर दोनशे मुलींतली एक तरी त्यांचं ऐकेल का?