सतरावी ओळ

सतरा नंबरचा बिल्ला ओला होता.

खटकलेली पहिली गोष्ट तीच. फेब्रुवारी महिना, डिचोलीत ऑक्टोबरनंतर थेंब पडलेला नव्हता. रस्त्याकडेच्या काजूची पानंसुद्धा खनिजाच्या धुळीनं तांबडी झाली होती. फाटकाजवळच्या फळीवर खुंट्यांना पितळी बिल्ले टांगलेले असत, ते सगळे कोरडे, आणि त्यातला हा एकच ओला. त्याच्या कडीवरून तांबडं पाणी फळीवर ओघळलं होतं आणि जवळ गेलं की नुकत्या उकरलेल्या चिखलाचा वास येत होता.

गोष्ट दोन हजार चारची. बी.कॉम. झाल्यावर मी म्हापशाला सहा महिने संगणकाचा क्लास केला होता आणि इब्रामपूरहून दोन बसेस बदलून या खाणीच्या ऑफिसात येऊ लागले होते. पंधरा दिवस झाले होते. मला मागून कोणी हाक मारली तरी हातातलं खाली पडतं, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक असल्यामुळे खाणीवर नोकरी लागली म्हटल्यावर आई आधी हसली होती.

माझं काम सोपं होतं. सकाळी जो खाणीत उतरतो तो एक बिल्ला घेऊन उतरतो. दुपारी जेवायला वर आला की तो परत आपल्या खुंटीला लावतो. दीड वाजता सुरुंग उडतात. त्याआधी मी उतरलेले नंबर आणि परत आलेले नंबर संगणकात भरायचे, बटण दाबायचं. संगणक दोन्ही जुळवून चिठ्ठी छापतो : खाण रिकामी. सुपरवायझर दत्ताराम त्या चिठ्ठीवर सही करून पलीकडच्या कड्यावर जातात, तीन भोंगे होतात, आणि डोंगर हलतो.

जुळवणी करणारं मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेल्या आज्ञा, माझ्या आधीच्या क्लार्कनं, कृष्णनाथनं, लिहिलेलं होतं. तो नोकरी सोडून केरीला भावाकडे राहायला गेला होता. आता कोणाशी बोलत नाही, असं म्हणत. रोज ती फाइल उघडली की पडद्यावर चौकट यायची : या फाइलीत मॅक्रो आहेत, चालू करायचे की बंद ठेवायचे? क्लासात आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती. लिहिणारा माणूस ठाऊक नसेल, आत काय लिहिलंय ते वाचलेलं नसेल, तर चालू करायचं नाही. आधी फाइलीची नक्कल काढायची, मॅक्रो बंद ठेवून उघडायची, वाचायची आणि मग ठरवायचं.

पहिल्याच दिवशी मी हे दत्तारामबाबांना सांगितलं होतं.

"चालू कर गो," ते म्हणाले. "कृष्णनाथानं केलंय ते. आमचाच माणूस."

"पण बाब, आत काय आहे ते एकदा वाचून..."

"चार वर्षं कोणी न वाचताच चाललंय. तुझं म्हापशाचं शिक्षण म्हापशात ठेव. इथं बस वेळेवर पकड आणि बटण दाब."

हे सगळं ते माझ्याकडे न बघता, जनेलातून खाली खड्ड्याकडे बघत बोलले. ते मला आवडलं नाही. तरी मी रोज 'चालू' दाबत आले.

त्या सकाळी बिल्ले वाटणाऱ्या जानकीला मी विचारलं, "हा एकच ओला कसा?"

"रडला असेल," जानकी म्हणाली. तिची जीभ तशीच. "तू नको लावून घेऊस मनाला. नाहीतर मलाच घरी पोचवावं लागेल तुला."

त्या दिवशी एक माणूस वाढला होता. चंदगडकडचा धोंडिबा, पहिलाच दिवस, तळाशी पंपाच्या तोंडात साचलेला गाळ काढायला घेतलेला. बाकीचे बिल्ले संपले, तेव्हा जानकीनं तो ओला बिल्ला त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो सदऱ्याला पुसला आणि माझ्या मेजापाशी आला.

"ताईसाब, माझा नंबर नीट लिवा हं. घरात आठ दिवसांची पोरगी हाय."

मी नीट लिहिला. सतरा.

दुपारी पाऊण वाजता माणसं वर आली, बिल्ले खुंट्यांना लागले, सगळे जेवणाच्या शेडकडे गेले. मी फळीवरचे नंबर भरले, बटण दाबलं. प्रिंटर करकरला आणि नेहमीसारखी मी दचकले. दत्तारामबाबांनी चिठ्ठी फाडून घेतली, सही केली, स्कूटर चालू केली.

ते गेल्यावर नक्कलप्रत मी फायलीला लावत होते. उतरले बेचाळीस, वर आले बेचाळीस. खाण रिकामी.

शेजारी जानकीचा सकाळचा कागद होता. त्यावर त्रेचाळीस लिहिलं होतं.

मी जनेलातून फळीकडे बघितलं. सतरा नंबरची खुंटी रिकामी होती. गेले पंधरा दिवस ती रिकामीच बघितली होती, म्हणून आताही नजर तिच्यावरून तशीच पुढे गेली होती.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झाली होती. मी फाइलीची नक्कल काढली, उघडली, आणि चौकट आली तेव्हा पहिल्यांदा 'बंद' दाबलं.

पडद्याच्या डाव्या कडेला ओळींचे आकडे असतात. कृष्णनाथनं बिल्ल्याचा नंबर आणि ओळीचा नंबर एकच ठेवला होता. चौदा, पंधरा, सोळा... अठरा. सतरावी ओळ लपवलेली होती. मी ती उघडली.

नावाच्या जागी धोंडिबा नव्हता. तिथं सगुण लिहिलं होतं. पुढे महिन्याच्या प्रत्येक तारखेला एकच वेळ, उतरला सात चाळीस. 'वर आला' हा रकाना प्रत्येक तारखेला रिकामा. रविवारीसुद्धा, जेव्हा खाणीला कुलूप असतं तेव्हासुद्धा, उतरला सात चाळीस.

मॅक्रोच्या मागे लिहिलेलं कसं उघडायचं ते शिकवलेलं होतं. मी उघडलं. सगळ्या आज्ञा इंग्रजीत होत्या, मधोमध रोमन अक्षरांत मराठीच्या तीन ओळी. *सतरा मोजायचा नाही. पुसला तर सकाळी परत असतो. तो वर येत नाही.*

पहिला भोंगा झाला.

"जानकीताय," मी हाक मारली. ती डबा उघडून बसली होती. "सतरा नंबर कोणाचा?"

तिचा हात थांबला. "सतरा नंबर नाहीच आपल्याकडे."

"सकाळी तू दिलास. त्या नवीन माणसाला."

"ओला होता तो सतरा?" ती उठली. "मी... घाईत नंबर बघितलाच नाही गो. खुंटीवर होता, दिला. सतराची खुंटी रिकामीच असते. तो बिल्ला सगुणबरोबर गेला."

"गेला म्हणजे? ह्या फाइलीत रोज त्याचं नाव आहे."

"संगणक यायच्या आधी, वहीवर मोजायचे तेव्हा. कृष्णनाथ मोजताना एक चुकला. बेचाळीस वर आले म्हणाला, सुरुंग उडाला, कडा बसला. सगुण मिळाला नाही. बिल्लाही नाही. ह्या फाइलीत सगुणचं नाव यायचं कारणच नाही, गौरवी. हे यंत्र आलं तेव्हा त्याला वर्ष झालं होतं."

ती खरं सांगत होती की लपवत होती, मला कळेना. तिच्यावर, दत्तारामबाबांवर, केरीत तोंड मिटून बसलेल्या त्या कृष्णनाथवर, कोणावरच विश्वास बसेना. एवढंच दिसत होतं की एका माणसाला मोजायचं नाही असं कोणीतरी लिहून ठेवलंय आणि आज त्या जागी जिवंत माणूस आहे.

"बाबांना थांबव. त्यांचा मोबाइल कड्यावर लागत नाही. तू जा."

जानकीनं उघडा डबा तसाच टाकला आणि कायनेटिक घेऊन निघाली. पलीकडच्या कड्यापर्यंत रस्ता वळून जातो, दहा मिनिटं लागतात. घड्याळात एक अठरा.

माझ्याकडे फोन होता. ऑफिसातून खाली पंपशेडपर्यंत एकच तार आहे. इकडे रिसीव्हर उचलला की तिकडे घंटी वाजते. मी उचलला. माझ्या कानात ती वाजायला लागली, लांब, एकसारखी. मनात धोंडिबा पंपाच्या तोंडात वाकलेला दिसत होता, त्याच्या कानात गाळ उपसल्याचा आवाज, घंटी ऐकूच येत नाही असा.

वाजत राहिली. कोणी उचलेना.

जेवणाच्या शेडकडून येणारे आवाज बंद झाले होते. सुरुंगाच्या वेळी सगळे आत बसतात. पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याबरोबर तो सकाळचा वास येत होता, ओल्या चिखलाचा. जनेलं बंद होती. मी मेजाखाली बघितलं, मागे बघितलं. काही नव्हतं.

एक पंचवीस. दुसरा भोंगा. जानकी अजून वळणावरच असणार.

"उचल रे," मी म्हणत होते. "उचल..."

दारात सावली पडली. रिसीव्हर माझ्या हातातून पडणारच होता.

धोंडिबा होता. गुडघ्यापर्यंत तांबडा, धापा टाकत, हसतमुख.

"ताईसाब, चुकलं का काय? भोंगा वाजला तसा वर आलो."

मी खुर्चीवर बसले. रिसीव्हर कानाला तसाच होता. तळापासून चढण चढायला पंधरा मिनिटं लागतात, हे माझ्या डोक्यात उगीचच मोजलं गेलं. पहिल्या भोंग्याला निघाला असता तर जेमतेम.

"भोंगा ऐकू आला तुम्हाला? तिथे, गाळात?"

"मला कुठला ऐकू येतोय, जेवनाची येळबी कळली न्हाई. त्यो गडी म्हनला."

"कोण गडी?"

"तुमच्याकडलाच की. फोनपाशी बसलेला. वल्ला गच्च झाल्ता. म्हनला, तू जा वर, ह्या नंबरावर दोघं नकोत." धोंडिबानं रिकामा हात पुढं केला. "बिल्ला मागून घेतला माझ्याकडनं. माझाच हाय म्हनला. मी दिला. काय चुकलं न्हाई न्हवं?"

मी जनेलातून फळीकडे बघितलं, सतराची खुंटी रिकामीच होती.

"आनि म्हनला, ताईचा फोन यील. भोंगा झाल्यावर मीच घेतो."

बाहेर तिसरा भोंगा सुरू झाला. लांबून, कड्यावरून, ओळखीचा. माझ्या एका कानात तो जनेलातून येत होता. आणि दुसऱ्या कानात घंटी थांबली, खट झालं, आणि तोच भोंगा खालून, तळातून, तारेतून ऐकू येऊ लागला. त्याच्यामागे पाणी ठिबकत होतं.

कोणीतरी रिसीव्हर उचलला होता.

थोडा वेळ नुसता श्वास. मग पुरुषाचा आवाज, शांत, आमच्याच गावाकडचा, जसा बस चुकल्यावर कोणी विचारतो तसा.

"बाय... आज माझो नंबर मोजलंस ना गो?"