एकविसाव्या प्रकरणाची चोरी

ज्या माणसाने आकाशात सहा वेळा मृत्यूला हुलकावणी दिली, त्याला जमिनीवर कुणाचं भय असणार? संपादिकेचं. पाच वाजता ती नवी कादंबरी छापखान्यात नेणार होती, आणि निवृत्त विंग कमांडरांना, म्हणजे खपाचे विक्रम मोडणाऱ्या थरारकथालेखकांना, शेवटचं प्रकरण सापडत नव्हतं.

"चोर खूणही ठेवून गेलाय," ते गुप्तहेरांना म्हणाले.

विसाव्या प्रकरणानंतर फाइलच्या क्लिपला लाल चिंधी घट्ट बांधलेली होती.

"रक्तरंजित इशारा!" गुप्तहेरांसोबत आलेले त्यांचे व्याही पुटपुटले. मुलगी त्यांच्या घरी दिलेली असल्यामुळे गुप्तहेरांनी नुसती मान डोलावली.

"दुसरी प्रत?" गुप्तहेरांनी लेखकांना विचारलं.

"नाही. मी हातानं लिहितो, आमचे मिस्त्री टाइप करतात, मग मी कच्चं फाडून टाकतो."

"प्रकरणात काय होतं?"

"नायक विमान पोटावर उतरवतो. मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे चाकंच उघडत नाहीत. माझ्याच आयुष्यातला प्रसंग!" भिंतीवर त्याच विमानाच्या पंख्याचं वाकलेलं पातं टांगलं होतं.

पत्नी भाजी निवडत होती. "मी यांची पुस्तकं वाचत नाही. शेवटी नवरा सुखरूप घरी येतो, हे मला आधीच ठाऊक असतं."

संपादिका घड्याळ बघत होती. "मला चोरायचंच असतं, तर पहिली तीन प्रकरणं नेली असती. तीच रटाळ आहेत."

मागच्या खोलीत टाइप करणारे मिस्त्री, हवाईदलातले जुने मेकॅनिक, टेबलफॅनची मोटर काढून पुसत बसले होते. कुणी चुकून चालू करू नये म्हणून बटणाला त्यांनी लाल चिंधी बांधली होती.

"ते पातं तुमच्याच विमानाचं?" गुप्तहेरांनी विचारलं.

"हो तर! पोटावर उतरल्यावर क्रेननं उचललं, चाकांचा दांडा ओढला, चाकं मुकाट बाहेर आली. ढकलत नेलं. फार गुणी विमान होतं, साहेब."

पावणेपाचला गुप्तहेरांनी सगळ्यांना बसवलं.

"चोर मागे काही ठेवत नाही. काढलेल्या भागाच्या जागी लाल चिंधी बांधतो, तो कारागीर. पुढचा माणूस फसू नये म्हणून. या घरात अशी दुसरी चिंधी पंख्याच्या बटणाला आहे."

"पंखा चोरणार होता?" व्याह्यांनी विचारलं. गुप्तहेरांनी लेकीचा चेहरा आठवला आणि पुढे चालू ठेवलं.

"कारणही आहे. चाकं बिघडलेली नव्हती. दांडा ओढताच बाहेर आली. म्हणजे त्या दिवशी दांडा कुणी ओढलाच नव्हता. विंग कमांडर, तुम्ही विसरलात."

पत्नीनं भाजीचा आणखी एक देठ मोडला.

मिस्त्रींनी शर्टाच्या आतून सोळा पानं काढली. "चोरलं नाही, साहेब. दुरुस्त होईपर्यंत काढून ठेवलंय. तेव्हा मी गप्प बसलो, पुढेही बसेन. पण माझी नात तुमची सगळी पुस्तकं वाचते."

"एक ओळ बदला की," पत्नी म्हणाली.

विंग कमांडरांनी पेन उघडलं. बराच वेळ धरलं. बंद केलं.

"त्यापेक्षा शेवटच नको," ते म्हणाले.

मिस्त्रींनी पानं फाडली. संपादिका पाच वाजता फाइल घेऊन गेली. कादंबरी वीस प्रकरणांचीच निघाली; नायक हवेत असतानाच ती संपते.

आतापर्यंत चार आवृत्त्या संपल्या. एकाही वाचकाची तक्रार आलेली नाही.