अर्धं पाणी

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा सदानंद भोकरे चहा गाळत होते. फोन पुण्याहून मुलीचा, ऋताचा होता. महिनाभरासाठी लेकीकडे गेलेली आई सकाळी उठलीच नाही, एवढंच ती सांगू शकली. सदानंदांनी गॅस बंद केला आणि गाळणी ओट्यावर ठेवली. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत, काचेच्या टाकीवर बसवलेली पेटी थोडा वेळ गुरगुरली आणि तिनं पाण्यातल्या झाडांना त्या दिवसाचं खत दिलं. कुंदा देत असे त्याच वेळेला, कुंदाच्याच मापानं.

त्या पेटीला मात्रक म्हणत. सांगली-मिरजेत ज्यांना पाणझाडांचा नाद होता, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे तोवर ती आली होती. तिच्यात चार बाटल्या असत. नत्र, स्फुरद, पालाश, आणि चौथीत लोह व इतर सूक्ष्म अन्नद्रव्यं. शेतात पोत्यानं पडतात तीच खतं, इथे थेंबांनी. पेटीखाली एक बारीक भिंग होतं. पानावर उजेड पडला की पान त्यातला काही वापरतं आणि थोडा तांबूस करून परत टाकतं. पान उपाशी असलं की हे परत टाकणं बदलतं, आणि तो बदल भिंगाला कळत असे.

पण कुंदानं मात्रक घेतला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्यात ‘हातवळण’ होतं. पहिलं वर्ष मालकानं स्वतः बटण दाबून खत द्यायचं आणि पेटीनं बघत राहायचं. कोण कधी देतं, किती देतं, कुठल्या दिवशी हात आखडतो, हे सगळं ती शिकायची. मग मालक घरी नसला तरी खत मालकाच्याच रीतीनं पडायचं. कुंदाचा हात सढळ होता. सदानंद तिला चिडवत, “मला अळणी भाजी आणि यांना मेजवानी.” त्यावर ती म्हणे, “त्यांचा रक्तदाब वाढत नाही.”

पुण्याहून सगळं आटोपून सदानंद परत आले तेव्हा पेटी चालूच होती. सकाळी ती गुरगुरायची वेळ झाली की ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसत. थेंब पाण्यात धुरासारखा पसरे आणि विरून जाई. घरात त्यांच्याखेरीज दुसरं कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायचं ते तेवढ्याच वेळापुरतं. ऋता पुण्याला या म्हणायची. ते टाकीचं कारण सांगत. टाकी कुणाला तरी देऊन टाका म्हणाली की ते बघतो म्हणत आणि फोन ठेवत.

उन्हाळा लागला तसं टाकीतलं पाणी उडू लागलं. जेवढं कमी होई तेवढं ते नळाचं पाणी वरून भरत. मग पेटीवर लाल दिवा लागला आणि खाली अक्षरं आली: पानं आणि हातवळण जुळत नाहीत. हातवळण पुसायचं? सदानंदांनी ‘नाही’ दाबलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला, त्यांनी तेच उत्तर दिलं. पुढे ही रोजचीच गोष्ट झाली. कुंदानं निळ्या शिवणदोऱ्यानं दगडाला बांधलेलं अनुबियासचं झाड केसांसारख्या शेवाळानं भरलं. टाकीत थोडे मासे होते, ते वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. दोन मासे मेले तेव्हा सदानंदांनी इरफान मुजावरला फोन केला. पेटी त्याच्याच मिरजेच्या दुकानातून आणली होती आणि बसवायलाही तोच आला होता.

इरफान दुपारी आला. आधी खुर्चीवर बसला, कुंदाकाकूंबद्दल थोडं बोलला, मग उठून पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बघून त्यानं ती पुन्हा बुडवली.

“काका, पाणी कधी बदललं?”

कमी झालं की भरतो, असं सदानंद म्हणाले.

“भरणं नव्हे. जुनं काढून नवं घालणं.”

सदानंदांनी टाकीच्या काचेवर हात ठेवला. मग म्हणाले, “हे तिनं भरलेलं पाणी आहे. पुण्याला जायच्या आधी. तिचे हात होते यात.”

इरफाननं पट्टी खिशात ठेवली. तो सावकाश बोलायला लागला. काकूंची रीत म्हणजे आठवडाभर खत जरा जास्तच घालायचं, म्हणजे झाडाला कशाचीच चणचण नको. आणि रविवारी अर्धं पाणी काढून नवं भरायचं, म्हणजे जास्तीचं साठत नाही. रीत चांगली होती, टाकीतली झाडंही त्या रीतीवरच वाढली होती. “पेटी त्यातलं घालणं तेवढं शिकली, काका. काढणं तिला दिसलंच नाही. ते बादलीनं व्हायचं. आता पाणी उडून जातं, खत उडत नाही. ते साठतंच आहे.”

मग काय करायचं, असं सदानंदांनी विचारलं. हातवळण पुसलं तर पेटी नुसती पानं बघून बेतानं खत देईल, पाणी क्वचित बदललं तरी चालेल, असं इरफान म्हणाला. त्याचा सल्ला पुसण्याचाच होता. तसाही त्यात बिघाड दिसत होता. त्यानं पेटीच्या पडद्यावर दाखवलं. महिन्यातून एकदा पेटी दिवसभर गप्प बसते आणि रात्री अचानक खत देते. वेळ दर खेपेला वेगळी. कशाचा कशाला मेळ नाही.

सदानंदांनी चष्मा लावला. पडद्यावरच्या तारखा बघितल्या, मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी जाऊन पानं मागे उलटली.

“संकष्टी आहे,” ते म्हणाले.

कुंदाचा त्या दिवशी उपास असे. आज यांचाही उपास, असं म्हणून ती बाटल्यांना हात लावत नसे. चंद्र उगवला की गणपतीला नैवेद्य, मग झाडांना खत, मग स्वतःचं ताट. पेटीला चंद्र ठाऊक नव्हता. तिला कुंदाचं थांबणं तेवढं ठाऊक होतं, आणि ती अजून थांबत होती. या घरात आता चंद्र बघायला कुणी गॅलरीत जात नव्हतं.

इरफान हळूच हसला. “आमची अम्मी रोजे असले तरी मांजराला दुपारी दूध देते. इथे झाडांनाही सवलत नाही.” मग तो गंभीर झाला. “हे पुसलं तर परत येणार नाही, काका. पण ठेवायचं असेल तर पाणी काढावं लागेल. दर रविवारी. नाहीतर हे मासे महिनाभरही टिकायचे नाहीत, मग झाडं. काकूंचा तर खांदा दुखायचा, बादल्या कोण उचलायचं?”

“मी,” सदानंद म्हणाले.

ती नळी धरून उभी राहायची आणि म्हणायची, अहो, बादली. ते बादली उचलून गॅलरीत न्यायचे आणि जास्वंदीला, कढीपत्त्याला ओतायचे. त्यात त्यांचं काही लक्ष नसे. ते तिचं काम होतं आणि ते फक्त ओझं वाहत होते, असंच त्यांना वाटे. पेटीला जे शिकता आलं नाही ते कुंदाचं नव्हतंच, हे त्यांना आता कळलं.

इरफाननं जाताना बजावलं. एकदम अर्धं काढू नका, माशांना झेपणार नाही. आज एक बादली, परवा एक. नवं पाणी आधी उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या. दारात सदानंदांनी त्याला थांबवलं.

“अर्धं काढलं, मग पुढच्या रविवारी त्यातलं अर्धं, मग त्यातलं. असं करत गेलं तर तिचं पाणी कधी संपेल?”

इरफाननं चपला घालता घालता विचार केला. “हिशेबानं कधीच नाही, काका. कुठल्याही पट्टीला दिसणार नाही इतकं कमी होईल, एवढंच.”

तो गेल्यावर सदानंदांनी नळाचं पाणी बादलीत भरून उघडं ठेवलं. संध्याकाळी त्यांनी नळी टाकीत सोडली. पाणी उपसायला तिचं दुसरं टोक तोंडानं ओढावं लागतं. ते कुंदा करायची. त्यांना दोनदा ठसका लागला, तिसऱ्यांदा धार लागली. रिकामी बादली भरली. नवं पाणी त्यांनी तांब्यानं टाकीत सोडलं, झाडं हलू नयेत म्हणून हळूहळू. पेटीवर तोच प्रश्न होता. त्यांनी ‘नाही’ दाबलं.

काढलेलं पाणी त्यांनी गॅलरीत नेऊन ठेवलं. ते किंचित हिरवट होतं, त्यात अनुबियासचं एक सडकं पान तरंगत होतं. कढीपत्ता वाळून गेला होता. जास्वंदीच्या खोडाला एका ठिकाणी अजून कोंब होता. तिनं भरलेलं ते पाणी लगेच ओतवेना, म्हणून सदानंद तिथेच स्टूल घेऊन बसले.

बादली भरलेली आहे. जास्वंदीला पाणी घालायचं अजून राहिलं आहे.