पाटी नसलेला भाग

बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. पण ती गेली म्हणजे नक्की काय गेलं, ते लिफ्टवाल्याला कळलं एका साध्या सकाळी, चहा गार होत असताना.

रोज उठलं की तो कप घेऊन तिच्या टेबलाशी बसायचा. तिचा कॉम्प्युटर चालू करायचा आणि एक व्हिडिओ लावायचा. व्हिडिओत फारसं काही नव्हतं. ती खिडकीची काच पुसतेय आणि तो मोबाइलवर तिचं शूटिंग करतोय. "अहो, बोट बाजूला घ्या. बोटाचाच सिनेमा काढताय," असं म्हणून ती हसते. तेवढं ऐकलं की तो कप विसळून दिवसाला लागायचा.

त्या सकाळी पडदा काळाच राहिला. टेबलाखालून आवाज आला. टक. टक. मग काहीतरी घासल्यासारखं, आणि पुन्हा टक.

त्याचा जन्म लिफ्टच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला होता. अडलेली लिफ्ट बंद करून परत चालू केली की बऱ्याचदा गपगुमान चालू लागते. त्याने तेच केलं. बंद, चालू. बंद, चालू. टकटक वाढत गेली आणि शेवटी ती घासण्यात बुडून गेली. चहावर जाड साय आली होती.

कॉम्प्युटरच्या गेलेल्या डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या एक बाई बाजारामागच्या गल्लीत बसायच्या. त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला खणच खण, आणि प्रत्येक खणात मेलेल्या डिस्का. मागच्या बाजूला काचेची पेटी होती. धूळ आत जाऊ नये म्हणून तिला हात घालायला रबरी बाह्या होत्या. बाईंनी डिस्क कानाशी धरून हलवली.

"किती वेळा चालू केलीत, काका?"

"दोन-तीनदा."

"खरं सांगा. मी काही पोलीस नाही."

"मोजलं नाही."

"सगळे हेच करतात," बाई म्हणाल्या. "आत एक गुळगुळीत तबकडी फिरते. तिच्यावर केसापेक्षा कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगते. सुई टेकली की ओरखडा. तुम्ही प्रत्येक वेळी चालू केलंत, तेव्हा तो ओरखडा लांबवत नेलात."

"पण मुळात गेली कशाने?" त्याने विचारलं. वर्षापूर्वी येणारा-जाणारा त्याला याच शब्दांत विचारत होता.

"कशानेही जाते. धक्का लागतो, वीज जाते-येते, गरम होते, आत एक कण जातो. कधी काहीच होत नाही, नुसतं वय होतं. काय आहे तिच्यात?"

"बायकोचा आवाज."

बाईंनी डिस्क फडक्यावर ठेवली. या वेळी त्यांचा हात मघापेक्षा हलका होता.

डिस्कचे दोन भाग होते, हे त्याला माहीत होतं. बायको घरी बसून पुस्तकांची पानं लावायची, म्हणजे लेखकांचा मजकूर टाइप करून छापखान्यासाठी तयार करायची. ती पानं एका भागात. त्याचं नाव तिने 'काम' ठेवलं होतं. फोटो, व्हिडिओ, लेकीचं लहानपण दुसऱ्या भागात. त्याचं नाव 'घर'.

"मला 'घर' पाहिजे," तो म्हणाला. "काम गेलं तरी चालेल."

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. दुसऱ्या एका डिस्कच्या सुया काढून त्यांनी हिच्यात बसवल्या होत्या.

"काका, दोन भाग म्हणालात ना? इथे तीन आहेत."

तो लगेच गेला. बाईंनी पडद्यावर एक लांब पट्टी दाखवली. डाव्या टोकाला 'घर', उजव्या टोकाला 'काम', आणि मध्ये करडा तुकडा.

"आत खऱ्या भिंती नसतात," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला फक्त लिहिलेलं असतं, इथून इथपर्यंत हे, तिथून पुढे ते. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो. हा मधला भाग तिथे लिहिलेलाच नाही. म्हणून तुम्हाला कधी दिसला नाही. पाटी नाही, पण आत माणसं राहतायत म्हणा ना."

बाई आपल्याच विनोदावर हसल्या. तो हसला नाही.

"काय आहे त्यात?"

"आवाजाच्या फाइली. गिऱ्हाइकाचं मी ऐकत नाही. पण फाइल शाबूत आहे का बघायला थोडं लावावं लागतं. एक बाई बोलतायत."

"कोणाशी?"

"ते नाही ऐकू आलं."

"मग बोलतायत हे कसं कळलं? एकटंही बोलतं माणूस."

बाई सुया ठेवायची डबी उगाच बंद करू लागल्या. "हसत होत्या, काका. एकटं माणूस तसं हसत नाही."

घरी येऊन तो तिच्या खुर्चीत बसला. आपल्याआधी ते हसणं एका परक्या बाईने ऐकलं, याचाच त्याला पहिल्यांदा राग आला. मग त्याला प्रूफवाला आठवला.

छापलेल्या पानांतल्या चुका तपासणारा तो माणूस दुपारी कागदांचं भेंडोळं घेऊन यायचा. उंच, सावकाश बोलणारा, बुटांना धूळ नसलेला. लिफ्टवाला लवकर घरी आला की दोघं टेबलाशी दिसायची, मध्ये पान, पानावर दोघांच्या पेन्सिली. "अहो, यांनी आज काय चूक पकडली, ऐका तरी," असं म्हणून ती सांगायची. लिफ्टवाल्याला त्यातलं काही कळायचं नाही. हात ग्रीसने काळे असायचे. तो ते धुवायला आत जायचा, आणि बाहेर आपल्याशिवायचं हसणं ऐकू यायचं.

तो उठून बाहेर जेवणाच्या टेबलाशी आला आणि त्याने लेकीला फोन लावला.

"आईकडे कोण येत होतं गं दुपारचं?"

"म्हणजे?"

"मी कामावर असताना. कोण यायचं?"

"बाबा, जेवलात का तुम्ही?"

"विचारतोय त्याचं उत्तर दे. तो प्रूफवाला किती वेळ बसायचा?"

"बाबा, ते काका आईच्याही आधी गेले. तुम्हीच खांदा दिलात ना त्यांना? काय डोक्यात घेऊन बसलाय?" आणि मग, आवाज खाली आणून, "आईचे व्हिडिओ मिळतील ना? पोरीला आजीचा आवाज ऐकवायचाय हो. तिला काहीच आठवत नाही."

"मिळतील," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्पष्ट सांगितलं. नव्या सुयाही थकत चालल्या होत्या. एक भाग पुरता वाचून होईल, पुढचं सांगता येत नाही. "आधी 'घर' घेते. मग बाकीचं नशिबावर."

"आधी मधला."

"काका, त्यात काय आहे तुम्हाला माहीत नाही. 'घर'मध्ये काय आहे ते माहीत आहे."

"म्हणूनच."

"लेकीला विचारा एकदा."

"डिस्क माझी आहे. बायको माझी होती." त्याचा आवाज चढला, तशी दुकानात शिरणारी दोन माणसं दारातच थांबली. "आधी मधला काढा."

बाईंनी त्याला ते परत एकदा म्हणायला लावलं. त्याने म्हटलं.

संध्याकाळी तो पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. लेकीचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. फाइलींना नावं नव्हती. त्याने पहिली लावली.

तिचाच आवाज. इतका जवळ की त्याने मान मागे घेतली.

"अरे, तू ना," ती म्हणत होती, "इतका हळू वाचतोस. पान संपेपर्यंत माझा दिवस संपतो." मग शांतता. कोणीतरी काहीतरी सांगत असावं इतकी शांतता. कागद उलटल्याचा आवाज. आणि ती हसली. खळखळून, मान मागे टाकून हसताना येतो तसा आवाज.

सबंध संसारात ती त्याला अहो-जाहो करत आली होती. रागातसुद्धा. एकदा लाडात 'तू म्हण' असं त्याने सांगितलं होतं, तर ती लाजून म्हणाली होती, "जीभच वळत नाही हो." ती कोणाला 'तू' म्हणतेय, तेवढं कळावं म्हणून त्याने फाइलींवर फाइली लावल्या. सगळ्यांत तीच. दुसरा माणूस कधीच ऐकू येत नव्हता. फक्त त्याच्यासाठी सोडलेली जागा ऐकू येत होती.

एका फाइलमध्ये ती बोलायची थांबली आणि मागून कुठूनतरी आवाज आला. डिंग.

त्याने फाइल थांबवली. जिन्यात शुकशुकाट होता. तुकडा मागे नेऊन परत लावला. डिंग, आणि मग दारं सरकल्याचा आवाज.

हा त्याच्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज होता. दुसरं काही चुकलं असतं, यात त्याचा कान चुकणं शक्य नव्हतं. पण ती होती तेव्हा लिफ्टला जाळीचा दरवाजा होता, ओढला की खडखडणारा. सरकती दारं आणि घंटी ती गेल्यानंतर बसली होती. त्याने स्वतः उभं राहून बसवून घेतली होती.

त्याने बाईंना फोन केला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून फाइलींच्या तारखा विचारल्या.

"तारखांवर जाऊ नका," बाई म्हणाल्या. "मरत्या डिस्कवर तारखा काहीही दिसतात. का?"

"काही नाही."

तो परत बसला. आता तो तिचं बोलणं ऐकत नव्हता, मागचं ऐकत होता. नळ. भांडं. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. आणि भिंतीपलीकडून यावा तसा खोकला. कोरडा, दोनदा, मग घसा खाकरणं.

तो खोकला त्याचा होता.

"हळू," ती कुजबुजली. "तो पलीकडे बसलाय."

त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीपलीकडे तिची टेबलाची खोली, दार ओढलेलं. तो उठला, दार उघडलं. टेबल, खुर्ची, कॉम्प्युटरचं रिकामं खोकं. हवा कोंदट होती, बंद खोलीत असते तशी. खुर्ची टेबलापासून मागे सरकलेली होती. तो स्वतःच काल तिथे बसला होता, असं त्याने स्वतःला सांगितलं.

उरलेल्या फाइली त्याने उभ्यानेच लावल्या.

एका फाइलमध्ये आधी कोणीच बोलत नव्हतं. मग भिंतीपलीकडून अस्पष्ट, पण शब्द न् शब्द कळेल असा पुरुषाचा आवाज.

"आईकडे कोण येत होतं गं दुपारचं?"

तो फोन झाला तेव्हा डिस्क या घरात नव्हती. ती बाजारामागच्या गल्लीत, काचेच्या पेटीत, उघडी पडलेली होती.

"मी कामावर असताना. कोण यायचं?"

आणि अगदी कानाशी तिचं दाबून धरलेलं हसू.

"ऐकलंस? जळतोय रे तो."

शांतता. दुसऱ्याने काहीतरी सांगितलं असावं.

"छे," ती म्हणाली. "तो आपल्या दोघांचाच भाग मागेल. बघ तू."

सकाळी तो दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिला. बाईंनी त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. सुया गेल्या होत्या. 'घर'वर जाताच टेकल्या आणि तबकडी सोलवटून निघाली. खिडकी नाही, काच नाही, एक फोटोसुद्धा नाही.

"सांगितलं होतं मी, काका."

"हो."

"तो मधला भाग तरी नीट आला ना? मी मोजूनच दिलाय. बघू बरं सगळ्या उघडतायत का." त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. बाईंनी तो लावला, पडद्याकडे पाहिलं, स्वतःची यादी काढली, परत पडद्याकडे पाहिलं. "एक जास्त दिसतेय. तुम्ही काही टाकलंत का यात?"

"नाही."

"मग माझंच मोजायला चुकलं असेल. लावून बघू?"

"नको," तो म्हणाला, आणि पेनड्राइव्ह काढून घेतला. तिचं हसणं पुन्हा दुसऱ्या कोणी आधी ऐकलेलं त्याला चाललं नसतं.

आता तो घरात अनवाणी चालतो. खोकला आला तर तोंडावर उशी धरतो. तो पलीकडे आहे हे त्यांना कळलं नाही, तर ती दोघं मोकळेपणी बोलतील, एखाद्या वेळी तिच्या तोंडून त्या माणसाचं नाव निघेल, असं त्याला वाटतं. भिंतीला कान लावला तर भिंतच ऐकू येते. लेकीचे फोन तो उचलत नाही, कारण बोलावं लागतं.

शेवटची, ती जास्तीची फाइल तो रोज नुसती बघतो. पेनड्राइव्ह कपाटात कुलपात असतो. तरी दर वेळी लावला की ती फाइल आदल्या दिवसापेक्षा लांब झालेली असते.

ती त्याने अजून ऐकलेली नाही.