तीननंतर पाच

"आजीची पुस्तिका मी करणार! छापखान्यातल्या त्या झोपाळू माणसाने फक्त छापायचं," पोकुआने छातीठोकपणे सांगून टाकलं. घानातल्या कुमासी शहरातलं ते अख्खं घर हसलं, पण काम मिळालं तिलाच. शनिवारी आजीचा अंत्यविधी, तिथे वाटायच्या या पुस्तिकेची शुक्रवारी चार वाजता छपाई, तीनशे प्रती. गुरुवारी सकाळी तिने नवी कोरी फाइल उघडली.

आजीचा फोटो झक्क बसला, काळ्या-लाल चौकटीही बसल्या. अडलं ते मुलांच्या यादीत. आजीची मुलं सात. आकडे कॉम्प्युटर आपोआप घालत होता: एक, दोन, तीन, पाच.

चार नाहीच.

तिने सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. तीन, पाच. आकडे हाताने घातले. पडद्यावर नीट दिसले. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर तीन, पाच.

"शेवटचा आकडा आठ, आणि माणसं सात?" बोआडूमामांनी कागद नाकाशी धरला. "लोक विचारतील, चौथं लेकरू कुठे लपवलंत? मागच्या वर्षी आग्येमांगांच्या पुस्तिकेत एका लेकीचं नाव राहिलं, तर ती भर मांडवातून उठून गेली. अजून त्या घराचं पाणी पीत नाही."

"मामा, मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच भीती वाटतेय."

पोकुआने मदतीच्या मंचावर प्रश्न टाकला. तिथे जगभरातले हौशी लोक अडलेल्यांना फुकट वाट दाखवतात. हानेलोरे नावाच्या बाईंनी लिहिलं, "फाइल जोडा. पण खरी नावं काढा, इथे सगळे अनोळखी असतात. मी सवडीने बघते." पोकुआने फोटो वगळले, नावांच्या जागी अ, ब, क, ड लिहिलं आणि फाइल चढवली.

उत्तर आलं ते दुसऱ्याच कुणाचं. त्याला ना फोटो, ना नाव. मंचावर आजच आलेलं कोणीतरी.

"आकडा चुकत नाही. क आणि ड यांच्यामध्ये एक ओळ आहे. लपलेल्या खुणा दाखवायचं बटण दाबा."

दाबलं, आणि खरंच की! एक रिकामी ओळ, तिच्या शेवटी परिच्छेदाची खूण. पोकुआ खुर्चीतच नाचली. ओळ पुसली, कागद काढला.

तीन, पाच.

"पुसली जात नाही," तिने लिहिलं.

"पुसू नका. भरा."

"कशाने?"

खिडकीबाहेर वाळवंटाकडून आलेली धूळ उन्हात तरंगत होती. मग दोनच शब्द उमटले.

"मुलगी. मंगळवार."

पोकुआला आधी हसू आलं. मंगळवारी जन्मलेली मुलगी म्हणजे अबेना, ते नाव तर वारच देतो. पण या परक्या माणसाला आमच्याकडच्या वारांचं काय ठाऊक? आणि फाइलमध्ये तर नुसती अक्षरं होती.

शुक्रवारी सकाळी अंगणात डुफी, आजीची धाकटी बहीण, लाल कापड कापत बसली होती.

"मावशीआजी, न्तियामोआमामा आणि आई यांच्यामध्ये कोणी होतं?"

कात्री थांबली. "कोणी सांगितलं तुला?"

"कॉम्प्युटरची मदत करणाऱ्यांनी."

"त्यांना काय माहीत?"

"तेच तर मी विचारतेय!"

म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. "होती. सहा दिवस. आठव्या दिवशी नाव ठेवतात, तिथवर आलीच नाही. अशा लेकरासाठी रडत नाहीत, त्याला मोजत नाहीत. तुझ्या आजीलाही कोणी रडू दिलं नाही."

"वार कोणता?"

"मंगळवार."

बोआडूमामा दारात उभे होते. "जिला नाव नाही ती यादीत जात नाही. बस."

"मग चार वाजता छापू काय, मामा? तीननंतर पाच?"

मावशीआजीने कापडाची घडी घातली. "माझं नाव दे तिला. अबेना डुफी. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव."

"द्या," मामा पुटपुटले. "दोघी मिळून मला खाणार आहात."

पोकुआने त्या ओळीत नाव भरलं आणि कागद काढला. एकपासून आठपर्यंत आकडे शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले.

शनिवारी मांडवात तीनशे पुस्तिका वाटल्या गेल्या. कोणी काही विचारलं नाही. मावशीआजी मात्र चौथ्या ओळीवर बोट ठेवून उघड रडली, आणि तिला कोणी अडवलं नाही.

रविवारी सकाळी हानेलोरेबाईंचं उत्तर आलं. "उशीर झाला, माफ करा. तुम्ही गुरुवारी चढवलेल्या फाइलमध्ये मला लपलेली ओळ सापडली नाही. पण त्या फाइलच्या माहितीच्या पानावर दिसतंय की तुम्ही सलग सहा दिवस काम केलंय. जरा विश्रांती घ्या हो!"

सहा? फाइल गुरुवारीच तर बनवली होती. सहा दिवस जगली होती ती अबेना.

पोकुआने घरच्या फाइलच्या माहितीचं पान उघडलं.

एकूण काम: आठ दिवस, शून्य तास, अकरा मिनिटं.

तिने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

बारा मिनिटं.