फिक्या अक्षरांतला पाहुणा

"मामा, मी पाच टाकले होते. छापून पन्नास आले."

भाचीचा आवाज फोनवर इतका थंड होता, की मिस्त्रीनं दुरुस्तीला उघडलेला कॉम्प्युटर तसाच सोडला आणि दवाखाना गाठला.

घडलं ते सरळ होतं. दवाखान्याच्या औषधखोलीत काम करणाऱ्या भाचीनं औषधाच्या बाटलीची चिठ्ठी छापली. पाच थेंबांच्या जागी पन्नास. वॉर्डातल्या बाईनं चिठ्ठी वाचून अण्णांना तेवढे दिले. अण्णा, याच दवाखान्याचे जुने स्टोअरकीपर, आता काचेआड निपचित पडले होते. मुदत संपलेली औषधं कुणी वॉर्डात पाठवली, हे ते उद्या चौकशीत सांगणार होते.

फौजदारानं घड्याळ पाहिलं. चारला पोरीला ठाण्यावर नेतो म्हणाला. औषधखोलीला त्यानं साडेअकरालाच कुलूप ठोकलं होतं.

मिस्त्री भाचीजवळ बसला.

"खोलीत कोण होतं?"

"मी एकटीच."

"छापताना नजर पडद्यावर होती?"

ती अडखळली. पाच टाकले, तेवढ्यात शेजारच्या काचेच्या केबिनमधून भाऊसाहेबांनी फोन आल्याची हाक मारली. तिनं मान वळवत बटण दाबलं, चिठ्ठी बाटलीला डकवली आणि धावली. फोनवर कुणीच नव्हतं.

भाऊसाहेब म्हणजे हेडक्लार्क. तेही आले, हळहळले. पोर दमली असेल, बोट घसरलं असेल, म्हणाले.

फौजदारानं कुलूप काढलं. मिस्त्रीनं कॉम्प्युटरचं डिव्हाइस मॅनेजर उघडलं. यंत्राला काय काय जोडलंय त्याची यादी. कीबोर्ड एकच.

"झालं समाधान?" फौजदार म्हणाला.

"साहेब, लोक इथं बिघाडाची पिवळी खूण दिसते का बघतात आणि खिडकी मिटतात. ही बया त्याहून खूप जास्त सांगते. विचारावं लागतं."

त्यानं वरच्या मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं. यादी लांबली. कीबोर्डखाली दुसरी ओळ उगवली, फिकी, राख फासल्यासारखी.

"म्हणजे काय?"

"येऊन गेलेला पाहुणा."

त्यानं त्या ओळीची माहिती उघडली. पहिल्यांदा जोडलं, काल संध्याकाळी सहा. शेवटचं काढलं, आज अकरा वीस.

अकरा वीसला भाची डॉक्टरांसमोर उभी होती, सगळा दवाखाना वॉर्डात धावला होता.

"भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाला, "तुमचा कीबोर्ड बिनवायरीचा ना? या यंत्राला कधी जोडला होता?"

"कधीच नाही. माझं टेबल सोडून तो कुठं जाईल?"

"मग त्याची चिमणी द्या जरा." चिमणी म्हणजे नखाएवढा रिसीव्हर, यंत्राच्या पाठीत खोचायचा. फौजदारानं तो केबिनमधून आणला.

"यंत्र प्रत्येक भोकाची ओळख वेगळी ठेवतं. नवा पाहुणा असेल तर आजची तारीख पडेल," मिस्त्री म्हणाला आणि मागच्या एकेका भोकात खोचत गेला. दोनदा तसंच झालं, नवी ओळ, आजची तारीख. भाऊसाहेब हसले.

तिसऱ्या भोकाला नवी ओळ आलीच नाही. फिकी ओळच गडद झाली. तारीख कालचीच, सहाची.

हसू गेलं.

"यंत्रानं ओळख दिली, साहेब. यांनी काल चिमणी इथं खोचली. आज काचेतून पडदा बघत बसले. पोरीनं पाच टाकले, यांनी हाक मारली, तिची मान वळली आणि यांनी केबिनमधून एक शून्य दाबलं. मग गडबडीत चिमणी काढून नेली. मुदत संपलेली औषधं यांनीच वॉर्डात पाठवली, हे अण्णा उद्या यांच्याच तोंडावर सांगणार होते."

भाऊसाहेब म्हणाले, हे सगळं थोतांड आहे.

मिस्त्रीनं त्यांचा कीबोर्ड त्यांच्यापुढं ठेवला. पडद्यावर कोरी चिठ्ठी उघडून पाच लिहिला.

"मग दाबा की शून्य. उमटलं नाही तर मी खोटा."

भाऊसाहेबांचं बोट उठलं, कळीवर आलं आणि मागं सरलं.

वॉर्डातून बाई धावत आली. अण्णांनी डोळे उघडले होते. पाणी मागत होते, आणि फौजदाराला.