त्सुवानोहून आलेला फोन

गाड्यांचं वेळापत्रक हातात आलं की तेत्सुरोला जेवणाचीसुद्धा शुद्ध राहत नसे. मार्च महिना लागला होता, लेकीच्या, कोझुएच्या शाळेला सुट्टी पडायला आली होती, आणि ओकायामातल्या त्या घरात कोतात्सुवर ते विटेएवढं जाड पुस्तक उताणं पडलं होतं. खाली शेगडी असलेल्या त्या बुटक्या मेजाच्या रजईखाली सगळ्यांचे पाय ऊब खात होते.

"शिन-यामागुचीला गाडी बदलायची," तेत्सुरो बोट फिरवत म्हणाला. "पहिला मुक्काम त्सुवानो. मग हागी, तिथले जुने सामुराई वाडे. मग समुद्राच्या कडेकडेनं मात्सुए. किल्ला बघायचा आणि घरी."

"आणि इझुमो?" त्याची आई तामाए संत्रं सोलता सोलता म्हणाली. "मात्सुएपर्यंत जायचं आणि इझुमोच्या देवाला पाठ दाखवून यायचं? छान!"

"आई, तिथं पावलापावलावर सोबाची दुकानं आहेत," त्याची बायको मिहोको हलकेच म्हणाली. "वाफेनंसुद्धा त्रास होतो कोझुएला."

"वाफेनं! आमच्या वेळची पोरं माती खाऊन मोठी झाली. आताच्या पोरांना वाफ बाधते."

हे नेहमीचंच होतं. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. कोझुए तीन वर्षांची असताना तिनं बापाच्या वाडग्यातला एक घास खाल्ला होता. बघता बघता ओठ सुजले, गळा आतून मिटत गेला, पोर निळी पडली. रुग्णवाहिकेत तिचा हात धरून बसलेल्या मिहोकोला एकच गोष्ट ऐकू येत होती, ती बारीक शिट्टीसारखी श्वासाची घरघर. तामाए तेव्हा गावी बहिणीकडे होती. तिनं ते पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून मिहोकोची झोप मांजराची झाली होती. लेकीच्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज झाला तरी ती उठून बसे.

पण तामाएचं मन दुखवायला तिच्या जिवावर यायचं. सासरे गाडीचा प्रवास म्हटला की हरखून जात. "निवृत्त झालो की तुला त्सुवानोच्या रस्त्याकडेच्या पाटातले मासे दाखवीन," असं ते बायकोला वर्षानुवर्षं सांगत राहिले, आणि निवृत्त झाले त्याच वर्षी गेले. इझुमो राहिलं तर राहू दे, त्सुवानो मात्र राहता कामा नये, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

मिहोकोनं त्सुवानोतल्या राहण्याजेवणाची सोय असलेल्या एका जुन्या खानावळीत खोली ठरवली. फोनवर एक मुलगी होती. जेवणात सोबाचा कण नको, हे मिहोकोनं तिला दोनदा बजावलं आणि आपल्या घरचा नंबर दिला.

दोनेक दिवसांनी, दुपारी, घरात ती एकटीच असताना फोन वाजला.

आधी नुसतं पाणी ऐकू आलं. दगडावरून वाहतं, संथ पाणी. मग एका म्हातारीचा आवाज, वाळल्या पानासारखा.

"त्सुवानोहून बोलतेय... तुम्ही पोरीला घेऊन येणार ना?"

"हो, हो. नमस्कार. काही अडचण आहे का?"

"केवढी आहे?"

"सहा वर्षांची."

पलीकडे बराच वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं.

"सहा..." म्हातारी म्हणाली. "झोपते कशी ती?"

"म्हणजे?"

"उताणी? की पालथी, तोंड खुपसून?"

"पालथी," मिहोको हसून म्हणाली. जुनी घरं खरंच किती बारकाईनं बघतात, असं तिला वाटलं. "नाक चेपेपर्यंत तोंड खुपसते. तुम्हाला कसं कळलं?"

"तशीच झोपायची," म्हातारी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

तशीच झोपायची. कोण? मिहोकोनं भांडी घासायला घेतली, पण ते दोन शब्द काही तिच्या डोक्यातून जाईनात.

निघायच्या आदल्या दुपारी पुन्हा फोन आला. पुन्हा तेच पाणी.

"उजेडी आणू नका तिला," आवाज आता अगदी कानाशी आल्यासारखा होता. "दिवेलागणीला आणा. उजेडी माणसं मला काम करू देत नाहीत... हात धरतात."

"कसलं काम? आपण कोण बोलताय?"

"आणि तिला माझ्याजवळ राहू द्याल का... थोडंसंच?"

मिहोकोनं फोन आपटला. मग खानावळीचा नंबर फिरवला. या वेळी खुद्द मालकीण बोलली, शिझुयो नावाची, पन्नाशीतली असावी, बोलणं तडफदार.

"म्हातारं माणूस? आमच्याकडे? नाही हो. सगळ्यांत म्हातारी मीच. आणि फोन माझ्याच टेबलावर असतो."

संध्याकाळी तेत्सुरो घरी आल्याबरोबर तिनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "त्सुवानो नको. सरळ हागीला जाऊ. तेत्सुरोसान, ती बाई म्हणाली, पोरीला माझ्याजवळ राहू द्या."

"अगं, कुणीतरी भ्रमिष्ट म्हातारी असेल शेजारपाजारची. एक रात्र तर राहायचंय. आणि आईला काय सांगू?"

सरकत्या दाराशी तामाए उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. "माझ्यासाठी ओढाताण नको हं," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "मासे काय, इथल्या तळ्यातही आहेत."

तिच्या हातात प्रवासाची पिशवी होती. पिशवीच्या तोंडाशी सासऱ्यांचा फोटो, रुमालात नीट गुंडाळलेला.

मिहोकोनं मान खाली घातली. "नाही आई. जायचं ठरलंय तर जायचं."

तेत्सुरोच्या हिशेबानं ते भर दुपारी पोचायचे होते. मिहोकोनं मुद्दामच त्याला लवकरची गाडी धरायला लावली होती. पण डोंगरात शिरल्यावर एक हरीण रुळांवर आलं, आणि गाडी देवदारांच्या गर्दीत थांबली ती थांबलीच. तेत्सुरो घड्याळ बघून चडफडत होता. कोझुए खिडकीला नाक लावून हरीण शोधत होती. मिहोको उन्हाकडे बघत होती. ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढलं, तिथून डोंगरावर गेलं आणि विझलं.

त्सुवानोला उतरले तेव्हा दिवे लागत होते. तांबड्या कौलांवर धुकं उतरलं होतं. रस्त्याच्या कडेच्या पाटात मांडीएवढे जाड मासे जागच्या जागी शेपट्या हलवत होते. तामाए तिथंच थबकली. तिनं पिशवीतला फोटो काढून पाण्याकडे धरला, आणि कुणी बघायच्या आत परत ठेवला. तेवढ्यासाठी तरी आलो ते बरं झालं, असं मिहोकोला वाटलं.

पण खानावळीच्या अंगणात पाऊल टाकलं मात्र, आणि ती जागच्या जागी थांबली. त्या रस्त्याकडेच्या पाटाचीच एक धार भिंतीखालून बागेत येत होती, दगडावरून वाहत होती. फोनवरचं पाणी ते हेच.

शिझुयोबाईंनी हसून स्वागत केलं. जेवण पुढच्या मोठ्या खोलीत होतं. वाडगान् वाडगा मिहोकोनं आधी हुंगला, चाखला, मगच लेकीपुढे सरकवला. सगळं ठीक होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, कामाच्या सगळ्या बाया वाढण्यात गुंतलेल्या, शिझुयोबाई स्वतः तांदळाची साके दारू ओतत होत्या. मिहोकोचा जीव जरा भांड्यात पडला.

"गाद्या घातल्या असतील ना? मी पहिली उडी मारणार!" म्हणत कोझुए उठली आणि पळाली.

"कोझुए, थांब!"

मिहोको मागोमाग निघाली. मधली पडवी लांबलचक होती आणि टोकाचा दिवा मिणमिणता. अर्ध्या वाटेत तिला तो आवाज ऐकू आला. सर्र... सर्र... सुपातून धान्य ओतावं तसा. मग कापड उसवल्याचा, अगदी हलका. मग पुन्हा सर्र... हवेत कोरडा, मातकट वास होता, जुन्या कोठारासारखा.

कोझुए खोलीच्या उघड्या दारात उभी होती. आत एक पाऊलही न टाकता, हात बाजूला धरून, शहाण्यासारखी.

"आई, आजी म्हणते, थांब जरा. झालंच."

"कुठली आजी?" मिहोकोनं विचारलं. कारण तामाए तिच्या मागेच होती. तिचा धापा टाकणारा श्वास मानेवर लागत होता.

कोझुएनं आत बोट दाखवलं.

सर्र थांबलं. मिहोकोनं लेकीला उचलून छातीशी धरलं आणि आत डोकावली. खोलीत कुणीच नव्हतं. गाद्या ओळीनं घातलेल्या होत्या, पण एकाही गादीवर उशी नव्हती. बागेकडचं दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर उशांचे अभ्रे पडलेले... रिकामे, शिवणीवर नेमके उसवलेले, घडी घालून एकावर एक ठेवलेले. खाली पाण्यात काहीतरी काळं काळं तरंगत चाललं होतं.

तेत्सुरो धावत आला. वाकून त्यानं पाण्यातलं चिमूटभर उचललं आणि दिव्याखाली धरलं. त्याचा चेहरा उतरला.

"टरफलं आहेत," तो पुटपुटला. "सोबाची... कुट्टूची टरफलं. मिहोको, जुन्या उशांत हेच भरतात गं. आपल्या लक्षातच नाही आलं."

मिहोको तिथंच, पडवीत, लेकीला घेऊन बसली. कोझुए पालथी झोपते. नाक चेपेपर्यंत तोंड खुपसते. रात्रभर त्या भुशावर...

शिझुयोबाई आल्या आणि अभ्रे बघून त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. चूक घडली होती. हल्ली त्या कापसाच्या उशा वापरत, पण आज घर भरल्यामुळे नव्या मुलीनं माळ्यावरच्या जुन्या उशा काढल्या होत्या. जेवणाबद्दल सगळ्यांना सांगितलं होतं, उशांचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता.

"ते राहू दे," तामाए म्हणाली. "पण उसवल्या कुणी? सगळी माणसं तर जेवणाच्या खोलीत होती."

शिझुयोबाई बराच वेळ अभ्र्यावरून हात फिरवत राहिल्या.

"माझ्या नवऱ्याची आजी," त्या हळूच म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेल्या. त्यांना एकच मुलगी, धाकटी, सहा वर्षांची, भुरकट केसांची. याच खोलीत एका पहाटे ती... श्वास कोंडून गेली. डॉक्टर म्हणाले दमा. आजी म्हणायच्या, उशीनं खाल्लं माझ्या पोरीला. मग दिसेल ती उशी उसवायच्या आणि भुसा पाण्यात ओतायच्या. पाहुण्यांच्या डोक्याखालच्यासुद्धा ओढून घ्यायच्या. शेवटी घरच्यांनी हात धरून त्यांना मागच्या कोठारात कोंडलं. तिथंच गेल्या. घरात आजही त्यांना वेडी आजीच म्हणतात. मीसुद्धा म्हणते."

"वेड्या नव्हत्या हो त्या," मिहोको म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "त्यांचंच खरं होतं. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, एवढंच."

शिझुयोबाईंनी तोंडाला बाही लावली.

तामाए उठली. पुढच्या खोलीत जाऊन घरच्यांच्या देव्हाऱ्यापुढे तिनं उदबत्ती लावली आणि गुडघे दुखत असतानाही कितीतरी वेळ वाकून बसली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. टॉवेलाची गुंडाळी करून तिनं कोझुएसाठी उशी केली आणि ती स्वतःच्या नाकाशी धरून हुंगली.

"सूनबाई, रागावू नकोस माझ्यावर," ती खालमानेनं म्हणाली. "वाफेचं बोलले मी ते. इझुमोचा देव समजून घेईल. आणि हागीला, मात्सुएला, दोन्हीकडे आधी फोन कर. उशांचं विचार."

"उद्या दोघी मिळून करू, आई."

त्या रात्री सगळी दुसऱ्या खोलीत, एकमेकांना कवेत घेतल्यासारखी झोपली. तीन वर्षांत मिहोकोला इतकी गाढ झोप लागली नव्हती. जाग आली ती पाखरांच्या किलबिलाटानं. डोंगरावर कोवळं ऊन होतं, तेत्सुरो वेळापत्रक उघडून गुणगुणत होता, आणि कोझुए केव्हाच उठून, लोकरीची टोपी कानांवर ओढून, तामाएबरोबर मासे बघायला गेली होती. मिहोकोला वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेला आहे. निघताना बागेतल्या पाण्यापाशी ती क्षणभर थांबली आणि नमस्कार करून म्हणाली, "फार उपकार झाले, आजी."

हागीच्या गाडीत चिकार ऊब होती. उजवीकडे समुद्र उघडला, निळाशार. तामाए नवऱ्याच्या फोटोला तो दाखवत होती, तेत्सुरो त्या दोघांना बघून हसत होता. कोझुए आईच्या मांडीवर झोपली होती. तिला घाम आलेला बघून मिहोकोनं हलकेच टोपी काढली.

केसांच्या दोन वेण्या होत्या. बारीक, घट्ट, जुन्या पद्धतीच्या, टोकाला विटक्या तांबड्या दोऱ्याची गाठ.

"आई, वेण्या किती सुरेख घातल्यात तुम्ही!"

"मी?" तामाए वळली. "मला वाटलं तू घातल्यास."

मिहोकोनं एक वेणी बोटांत धरली. कोझुएचे काळेभोर केस. आणि त्यांत गुंफलेली आणखी एक बट, भुरकट, मऊ, लहान मुलीची असावी अशी. ही कोझुएची नव्हती. मिहोकोनं दोरा सोडला, पेड मोकळे केले आणि ती बट हळूच ओढून काढायला गेली.

बट निघाली नाही.

"आई गं," कोझुए झोपेत कळवळली, "दुखतंय ना..."